मोबाईलची रेंज : २-जी ते ५-जी – काड्या मोजाव्यात की काम पाहावे?



या सदरातून आपण नेहमी बेणे, खत, पाणी आणि खोडवा यांविषयी बोलतो. या अंकातला विषय थोडा निराळा आहे, पण तोही आता शेतीच्या सामानातलाच झाला आहे. विहिरीवरची मोटर मोबाईलवरून सुरू होते. तोडीचा निरोप आणि काट्यावरच्या वजनाचा संदेश मोबाईलवर येतो. १५ ऑगस्ट २०२१ पासून राज्यभर सुरू झालेली ई-पीक पाहणी मोबाईलवरूनच नोंदवावी लागते. आणि रात्री दारे धरताना साप चावला, तर १०८ ला हाकही त्याच डबीतून द्यावी लागते. तेव्हा रेंज येते कशी आणि जाते कशी, हे प्रत्येक ऊस उत्पादकाला ठाऊक असणे जरुरीचे आहे.

गटकार्यालयात सभासद नेहमी तीन प्रश्न विचारतात. पहिला : "साहेब, जुन्या साध्या फोनला बांधावर पूर्ण रेंज असायची. आता महागाचा फोन घेतला तर दोनच काड्या, असं का?" दुसरा : "वर फाइव्ह-जी लिहून येतं, पण पिकाचा फोटो काही जात नाही." तिसरा : "स्टार्टरमध्ये कोणतं सीम टाकू?" या तीन प्रश्नांची उत्तरे या पाठात पाहू.

१. चार पिढ्यांची ओळख

'जी' म्हणजे पिढी. उसाच्या जाती जशा एकामागून एक येतात, तशाच मोबाईल जाळ्याच्या पिढ्या आल्या.

२-जी : भारतातील पहिले मोबाईल संभाषण ३१ जुलै १९९५ रोजी झाले. पश्चिम बंगालचे मुख्यमंत्री ज्योती बसू कोलकात्याहून आणि केंद्रीय दूरसंचार मंत्री सुखराम दिल्लीहून बोलले. हे जाळे मुख्यतः बोलण्यासाठी व छोट्या संदेशासाठी बांधलेले. आपल्याकडे त्याच्या लहरी ९०० आणि १८०० मेगाहर्ट्झच्या.

३-जी : सरकारी कंपन्यांनी २००८-०९ मध्ये आणि खासगी कंपन्यांनी २०१० च्या लिलावानंतर सुरू केले. मुख्य लहरी २१०० मेगाहर्ट्झच्या. ही पिढी आपल्याकडे फार टिकली नाही. एअरटेलने २०१९-२० मध्ये ३-जी गुंडाळून त्या लहरी ४-जीकडे वळवल्या.

४-जी : एअरटेलने एप्रिल २०१२ मध्ये कोलकात्यात सुरुवात केली. पण खेड्यापाड्यांत ही सेवा खरी पसरली ती ५ सप्टेंबर २०१६ रोजी जिओ सुरू झाल्यानंतर. लहरी ८५० पासून २३०० मेगाहर्ट्झपर्यंत व त्याहून वरच्याही आहेत. जिओकडे २-जी व ३-जी मुळातच नाही, हे पुढे कामाला येणार आहे म्हणून आताच लक्षात ठेवावे. बीएसएनएलच्या देशी बनावटीच्या ४-जी जाळ्याचे उद्घाटन २७ सप्टेंबर २०२५ रोजी झाले.

५-जी : १ ऑक्टोबर २०२२ रोजी नवी दिल्लीत सुरुवात झाली. याच्या मुख्य लहरी ३३०० मेगाहर्ट्झच्या वरच्या पट्ट्यातल्या आहेत. जिओने ७०० मेगाहर्ट्झचा खालचा पट्टाही घेतला आहे.

२. लांब लहर आणि आखूड लहर

ज्यांनी आकाशवाणी ऐकली आहे, त्यांना ही गोष्ट चटकन समजेल. मध्यम लहरींवरचे केंद्र रात्रीच्या वेळी दूरच्या जिल्ह्यातही लागत असे. एफ.एम. चा आवाज मात्र स्वच्छ, पण गाव सोडून लांब गेलो की तो संपतो. मोबाईलचेही साधारण तसेच आहे. मेगाहर्ट्झचा आकडा जितका लहान, तितकी लहर लांब आणि पल्ला मोठा.

९०० मेगाहर्ट्झची लहर सुमारे ३३ सेंटिमीटर, म्हणजे एक फुटाहून थोडी जास्त लांब असते. १८०० ची त्याच्या निम्मी. ३५०० ची जेमतेम साडेआठ सेंटिमीटर. बाकी सर्व सारखे धरले, तर साध्या मोकळ्या रानात १८०० च्या लहरीचा आपल्या फोनला मिळणारा हिस्सा ९०० च्या एक-चतुर्थांश असतो, आणि ३५०० चा सुमारे पंधरावा हिस्सा. वाटेत झाड, भिंत, टेकडी आली की हा फरक आणखी वाढतो.

मग नव्या पिढीने आखूड लहरी घेतल्याच का? कारण खालच्या पट्ट्यात जागा थोडी आहे. लांब चारीतून पाणी दूर जाते, पण ती चारी अरुंद आहे. वरच्या पट्ट्यात चारी रुंद मिळते, त्यामुळे एकाच वेळी खूप माहिती वाहते, पण ती शेवटच्या टोकापर्यंत पोचत नाही. फोटो व चित्रफीत पाठवायला रुंदी लागते, नुसते बोलायला पल्ला लागतो. टेलच्या शेतकऱ्याला हे वेगळे सांगायला नको.

म्हणून '४-जीची रेंज कमी' हे सरसकट विधान बरोबर नाही. ८५० किंवा ९०० वर चालणारे ४-जी हे १८०० वर चालणाऱ्या २-जीपेक्षा दूर पोचू शकते. प्रश्न नुसता पिढीचा नाही. कोणत्या पट्ट्यावर आणि किती अंतरावरच्या टॉवरवर फोन लागला आहे, याचा आहे.

३. फोनलाही टॉवरशी बोलावे लागते

रेंज म्हणजे टॉवरचा आवाज आपल्याला ऐकू येणे, एवढीच आपली समजूत असते. पण आपला आवाजही टॉवरला पोचावा लागतो. टॉवर मोठा, विजेवर चालणारा. आपला फोन लहान, बॅटरीवर चालणारा. लाइन तुटते ती बहुधा या दुबळ्या बाजूने.

इथे जुन्या पिढीची एक जमेची बाजू आहे. ९०० मेगाहर्ट्झवरचा २-जी फोन बोलण्याच्या क्षणी २ वॅटपर्यंत ताकद लावू शकतो. ४-जी फोनची मर्यादा साधारण ०.२ वॅट, म्हणजे दहावा हिस्सा. नवे तंत्र थोड्या ताकदीतही शब्द नीट पोचवते, त्यामुळे बराच तोटा भरून निघतो. तरी टॉवरच्या कडेच्या शिवारात जुना साधा फोन बोलत राहतो आणि नवा फोन 'हॅलो हॅलो' करत बसतो, त्याचे एक कारण हे आहे.

दूरच्या टॉवरला गाठण्यासाठी फोन जास्त ताकद लावतो व बॅटरी लवकर उतरते. शिवारात दुपारीच बॅटरी संपते अशी तक्रार असेल, तर फोन खराब आहे असे लगेच समजू नये. आधी रेंज पाहावी.

४. काड्या फसव्या, आकडा खरा. पण आकडाही समजून वाचावा

आता मुख्य मुद्दा. फोनच्या कोपऱ्यातल्या काड्या म्हणजे काही शासनाने प्रमाणित केलेले माप नव्हे. किती रेंजला किती काड्या दाखवायच्या, हे फोन बनवणारी कंपनी ठरवते. एकाच जागी, एकाच कंपनीच्या सीमवर दोन फोन निरनिराळ्या काड्या दाखवू शकतात. उसाच्या कांड्या मोजून टनेज सांगता येत नाही. काट्यावरच जावे लागते. तसेच हे.

रेंजचा काटा फोनमध्येच आहे. बहुतेक फोनमध्ये सेटिंगमध्ये जाऊन 'अबाउट फोन' आणि त्यात 'सिम स्टेटस' उघडावे. तेथे 'सिग्नल स्ट्रेंग्थ' समोर उणे चिन्ह असलेला आकडा दिसतो, जसे उणे ८५ किंवा उणे १०५. पुढे 'डीबीएम' लिहिलेले असते. आकडा उणे असल्यामुळे तो शून्याच्या जितका जवळ तितकी रेंज चांगली. उणे ८० हे उणे १०० पेक्षा चांगले.

हे माप साध्या बेरजेचे नाही. आकडा ३ ने घसरला की ताकद निम्मी होते, १० ने घसरला की दहावा हिस्सा उरतो आणि २० ने घसरला की शंभरावा. उणे ९० म्हणजे एका वॅटचा एक लाख कोटीवा भाग. इतक्या बारीक झुळकेवर आपण बोलतो.

आता सावध राहण्याची जागा. २-जीचा उणे १०० आणि ४-जीचा उणे १०० हे एकच नव्हेत. २-जीमध्ये फोन एका पूर्ण वाहिनीची ताकद मोजून दाखवतो, म्हणजे सगळ्या चारीचे पाणी. ४-जीमध्ये रुंद वाहिनी शेकडो बारीक सऱ्यांमध्ये वाटलेली असते, आणि फोन दाखवतो तो एका सरीचा आकडा. २० मेगाहर्ट्झ रुंदीच्या ४-जी वाहिनीत अशा १२०० सऱ्या असतात. त्या सर्व भरून वाहत असतील तर एकूण ताकद एका सरीच्या १२०० पट, म्हणजे आकड्यात सुमारे ३१ ने चांगली. एका सरीचे पाणी पाहून चारी आटली असे म्हणणे जसे चूक, तसेच ४-जीचा आकडा २-जीच्या आकड्याशी लावणेही चूक.

म्हणून दोन्हींचे मोजमाप वेगळे ठेवावे. साधारण अंदाज असा :

२-जी – उणे ८५ पर्यंत चांगली. उणे ८५ ते ९५ मध्यम. उणे ९५ ते १०५ कमकुवत. त्यापुढे भरवसा नाही.

४-जी – उणे ९५ पर्यंत चांगली. उणे ९५ ते १०५ मध्यम. उणे १०५ ते ११५ कमकुवत. उणे १२० च्या पुढे लाइन तुटते.

पहिल्या प्रश्नाचे उत्तर यात आले. जुन्या फोनच्या पूर्ण काड्या आणि नव्या फोनच्या दोन काड्या ही दोन वेगळ्या काट्यांवरची वजने आहेत. दोनच काड्या असून नवा फोन नीट बोलत असेल, तर रेंज गेलेली नाही.

५. टनेज आणि उतारा

सभासदांना हे सांगायला नको की नुसते टनेज पुरत नाही, उताराही लागतो. रेंजचेही तसेच. सिग्नलची ताकद हे टनेज, आणि सिग्नलची स्वच्छता हा उतारा. दोन-तीन टॉवरच्या लहरी एकाच जागी एकमेकींत मिसळल्या तर ताकद भरपूर दिसते, पण शब्द निवडता येत नाही. जत्रेत सगळेच ओरडत असतील तर शेजारच्याचे बोलणेही कळत नाही, तसा हा प्रकार.

दुसरी गोष्ट गर्दीची. एका टॉवरची क्षमता त्याच्यावर लागलेल्या सर्वांत वाटली जाते. पैठणला नाथषष्ठीला लाखभर लोक जमले की काड्या पूर्ण असूनही फोन लागत नाही, ते यामुळे. गावात संध्याकाळी सगळे चित्रफिती पाहत असतात तेव्हाही तोच अनुभव येतो. ३-जीमध्ये तर गर्दी वाढली की टॉवरचा पल्लाच आखडत असे. २-जीमध्ये बोलणाऱ्याला ठरलेली पाळी मिळते : एका वाहिनीच्या आठ पाळ्या, त्या भरल्या की नवव्याला 'नेटवर्क व्यस्त'. ४-जी व ५-जीमध्ये पाणी सर्वांना मिळते, पण सगळ्यांची धार बारीक होते.

'फाइव्ह-जी लिहून येतं पण फोटो जात नाही' याचे कारणही इथेच आहे. काही कंपन्यांचे ५-जी हे ४-जीच्या खांद्यावर बसवलेले आहे. वर ५-जी दिसते, पण प्रत्यक्षात काम ४-जीवर चाललेले असू शकते. शिवाय ५-जीची आखूड लहर टॉवरकडून फोनपर्यंत आली, तरी फोनकडून टॉवरपर्यंत परत जाताना दमते. फोटो पाठवणे हे परतीचे काम आहे. अशा वेळी सेटिंगमधील 'मोबाईल नेटवर्क'मध्ये जाऊन ४-जी निवडावे, काम उरकावे आणि मग पूर्ववत करावे. जिओच्या सीमवर २-जी निवडले तर सेवा पूर्ण बंद पडेल, एवढे ध्यानात ठेवावे.

६. उभा ऊस, डोंगर, पत्रा आणि पाऊस

हिरव्या पानात पाणी असते आणि पाणी या लहरी शोषून घेते. लहर जितकी आखूड तितके शोषण जास्त. जूनमध्ये ऊस गुडघाभर असताना जेथे बोलता येते, तेथेच दिवाळीनंतर उंच वाढलेल्या उसात शिरल्यावर फोन मुका होऊ शकतो. टॉवर हललेला नसतो, मधे हिरवी भिंत उभी राहिलेली असते. हल्ली बिबट्याची भीती आहे. म्हणून रात्री उसात एकट्याने जाण्याआधी कोणत्या बांधावर फोन लागतो, ते दिवसा पाहून ठेवावे.

जमिनीचा उंचसखलपणाही महत्त्वाचा. आपल्या जिल्ह्यात गोदाकाठचा पैठण, गंगापूरचा भाग बराच सपाट; तेथे लहर सरळ जाते. कन्नड, खुलताबाद, सोयगावकडे डोंगररांगा आहेत; टेकडीच्या मागे लहरीची सावली पडते. २-जीला तर अंतराचीही पक्की मर्यादा आहे. टॉवर कितीही ताकदवान असला तरी नेहमीच्या रचनेत ३५ किलोमीटरपलीकडचा फोन त्याला धरता येत नाही.

लोखंडी पत्र्याच्या घरात किंवा शेडमध्ये रेंज कमी मिळते, कारण धातू लहर अडवतो. खिडकीशी किंवा दारात यावे. उंची हा सर्वांत स्वस्त उपाय आहे. बांधावर चढून पाहिले तरी फरक दिसतो.

पावसाने रेंज जाते असा समज आहे. या लहरींवर पावसाचा थेट परिणाम फार थोडा. बहुधा टॉवरची वीज गेलेली असते व बॅटरी उतरलेली असते. किंवा एका टॉवरपासून दुसऱ्यापर्यंत माहिती नेणारा अतिआखूड लहरींचा दुवा मुसळधार पावसात दुबळा होतो. काड्या असून फोन लागत नसेल तर दोष तिकडचा असू शकतो.

बाजारात 'रेंज वाढवणारे' बूस्टर विकायला येतात. परवानगीशिवाय ते बसवणे कायद्याने मना आहे. शिवाय त्याने टॉवरच्या कानात गोंगाट होतो व आसपासच्या सर्व शेतकऱ्यांची लाइन बिघडते. चारीला एकाने चोरून दार पाडावे आणि खालच्या सगळ्यांनी कोरडे राहावे, असा तो प्रकार आहे.

७. मोटरचा स्टार्टर

इथे चुकीची किंमत मोठी आहे. 'बंद' चा निरोप स्टार्टरला पोचलाच नाही, विहीर आटली आणि मोटर कोरडी फिरली तर वाइंडिंग जळते. म्हणून पुढील गोष्टी पाहाव्यात.

(अ) बऱ्याच मोबाईल स्टार्टरमध्ये फक्त २-जीवर चालणारे यंत्र असते. खोक्यावर किंवा माहितीपत्रकात पाहावे. असे असेल तर त्यात जिओचे सीम चालणार नाही. २-जी सेवा देणाऱ्या कंपनीचे सीम लागेल.

(आ) नवा स्टार्टर घ्यायचा असेल तर ४-जी आणि २-जी दोन्हींवर चालणारा घ्यावा. अमेरिकेत एटी अँड टी कंपनीने २०१६ च्या अखेरीस आणि सिंगापूरने २०१७ मध्ये २-जी बंद केले. आपल्याकडेही २-जी व ३-जी पूर्ण बंद करण्याचे धोरण आखावे अशी सूचना जिओने २०२४ मध्ये नियामक प्राधिकरणाकडे केली होती. दहा वर्षे टिकावी अशी वस्तू एकाच जुन्या पिढीवर बेतू नये.

(इ) अँटेना लोखंडी पेटीच्या आत ठेवू नये. तार पेटीबाहेर काढून अँटेना खांबावर उंच व उभी बांधावी. तार मात्र गरजेपेक्षा लांब नको. उसाच्या शेंड्यापेक्षा अँटेना वर असावी.

(ई) मोटर सुरू किंवा बंद झाल्याचा उलट निरोप देणारा स्टार्टर असावा. उलट निरोप आला नाही तर काम झाले असे समजू नये. कोरड्या मोटरपासून संरक्षण देणारी सोय असावीच.

(उ) स्टार्टरच्या सीमची मुदत संपली की निरोप थांबतो. इंटरनेट नको असेल तर केवळ बोलणे व संदेश यांसाठीचे पॅक ठेवणे नियामक प्राधिकरणाने डिसेंबर २०२४ च्या नियमाने कंपन्यांना बंधनकारक केले आहे. तसे पॅक मागावे.

८. आपल्या शिवाराची रेंज-तपासणी

मातीचा नमुना आपण एकाच जागचा घेत नाही. रेंजचेही तसेच करावे. घर, विहीर, बांध आणि उसाचा मधला भाग अशा चार जागा ठरवाव्यात. प्रत्येक जागी दोन-तीन मिनिटे थांबून पिढी कोणती दिसते, आकडा किती येतो, एक फोन करून बोलणे नीट होते का आणि एक संदेश जातो का, हे वहीत लिहावे. शेजाऱ्याच्या दुसऱ्या कंपनीच्या फोनवरही तेच पाहावे. पिढी वेगळी असेल तर आकड्यांची तुलना करू नये. काम झाले की नाही याची करावी. एकदा लागणीनंतर व एकदा ऊस वाढल्यावर तपासणी करावी.

दुसऱ्या कंपनीची सेवा चांगली आढळली तर नंबर न बदलता कंपनी बदलता येते. इंग्रजीत 'पोर्ट' हा शब्द, एक जागा सोडून आपला दहा अंकी नंबर, असा संदेश १९०० वर पाठवावा आणि मिळालेला कोड घेऊन नव्या कंपनीकडे जावे. त्याआधी कंपनीच्या संकेतस्थळावरचा सेवाक्षेत्राचा नकाशा पाहावा. तो देणे २०२४ च्या नियमांनी बंधनकारक आहे. पण नकाशापेक्षा आपल्या बांधावरची वही जास्त खरी.

रेंज कमकुवत असेल तेथे बोलण्याऐवजी संदेश पाठवावा. संदेशाला फार थोडी जागा लागते, आणि समोरचा फोन रेंजबाहेर असला तरी तो केंद्रात थांबून नंतर पोचतो. इंग्रजी लिपीत एका संदेशात १६० अक्षरे मावतात, देवनागरीत ७०. म्हणून मराठी निरोप आटोपशीर लिहावा : "टोळी उद्या सकाळी येते. पाणी बंद ठेवा."

आपल्या कंपनीची रेंज नसली तरी ११२ लावून पाहावे. तातडीच्या या क्रमांकासाठी फोन दुसऱ्या कंपनीच्या टॉवरचाही आधार घेण्याचा प्रयत्न करतो.

थोडक्यात

• काड्यांवर विसंबू नये. आकडा पाहावा, आणि शेवटी काम होते का ते पाहावे.
• २-जी आणि ४-जीचे आकडे एकमेकांशी लावू नयेत.
• पल्ला हवा तर खालचा पट्टा, वेग हवा तर वरचा.
• उभा ऊस, टेकडी व पत्रा रेंज खातात; उंची रेंज देते.
• स्टार्टरचे सीम त्याच्या पिढीप्रमाणे घ्यावे, अँटेना उंच बांधावी, उलट निरोपाशिवाय भरवसा ठेवू नये.
• घरातील एक जुना साधा फोन, त्यात २-जी सीम घालून, रात्रीच्या पाण्यासाठी जवळ ठेवावा. तो लगेच मोडीत काढू नये.

ज्या सभासदांनी आपल्या शिवाराची तपासणी करून वही भरली असेल, त्यांनी ती येत्या पाळीपत्रकाच्या वेळी गटकार्यालयात आणावी. एकाच शिवारातील दहा-बारा वह्या जुळल्या की कोठे खरोखर टॉवरची गरज आहे हे कागदावर दिसेल, आणि "रेंज येत नाही हो" या तोंडी तक्रारीपेक्षा तो कागद कंपनीपुढे जास्त वजनदार ठरेल.

– ऊस विकास अधिकारी, शेतकी विभाग